पळून आल्या आल्या बीपी मोजलं आणि घाबरलात?

(टेबलावर बीपीचं मशीन, दंडाला कफ बांधलेला)

हे बघा, 118/76. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसलो होतो, मगच बटण दाबलं. आता उठतो आणि 3 मिनिटं जागच्या जागी जोरात पळतो, ते तुम्हाला बघायला लावत नाही, कट करू.

(कट. धाप लागलेली)

एकशे चोपन्न. 154/72. म्हणजे 3 मिनिटांत मला हाय बीपी झालं का? पण माझा एक मित्र आहे, 27 वर्षांचा, रोज पळणारा, त्यानं नवीन मशीन आणलं आणि पळून आल्यावर बूटसुद्धा न काढता मोजलं, आला 160, रात्रभर झोपला नाही आणि दुसऱ्या दिवसापासून पळणंच बंद केलं! व्हिडिओ त्याच्यासाठीच आहे, तो बघणार नाही ते सोडा.

तर आत काय होतं? नुसतं बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. जोरात पळताना तेच 20 लिटरपर्यंत जातं, मग वरचा आकडा वाढणारच, वाढायलाच हवा. पण खालचा बघा, 76 चा 72 झालाय. कारण मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या त्याच वेळी रुंद होतात, पंप जोरात चाललाय पण पाइपही मोठा झालाय.

आणि खरी गंमत पुढे आहे. आपण थांबतो पण त्या वाहिन्या काही लगेच पहिल्यासारख्या आवळत नाहीत, त्यामुळे नीट अर्धा तास वगैरे व्यायाम झाला असेल तर नंतर बीपी आधीपेक्षा खाली येतं आणि काही तास खालीच राहतं. लिओनार्ड हिल नावाच्या ब्रिटिश संशोधकानं 1897 च्या सुमारास 400 यार्ड पळाल्यानंतरच्या मोजणीत हे टिपलं होतं, म्हणजे गोष्ट जुनीच आहे. यात हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाचा हात असतो हे मात्र बरंच नंतर कळलं. हो, तेच हिस्टामिन, ज्याच्याविरुद्ध आपण शिंका आल्या की गोळी घेतो.

याच कारणानं पळता पळता एकदम थांबून उभं राहू नका. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांची मदत होत असते, ती थांबली की रक्त पायातच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन-चार मिनिटं चाला, मग बसा.

बरं, हा झाला एका दिवसाचा हिशोब. काही आठवडे नियमित केलं तर बसल्या जागचं बीपीही उतरतं. नॉर्मल असेल तर 2 ते 4 पॉइंट, आधीच जास्त असेल तर 5 ते 8. एवढंच? असं मलाही वाटलेलं, पण हा फरक रोजचा आहे, आणि व्यायाम सोडला की तो हळूहळू जातो. मित्राचं नुकसान तिथं झालंय.

आता वजनं उचलणाऱ्यांनो, तुमचं प्रकरण वेगळं. 1985 मध्ये कॅनडात मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी घालून लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं) करताना बीपी मोजलं, तर सरासरी आलं 320/250, आणि एकाचं 480/350! टायपो नाहीये. आवळलेल्या स्नायूंनी वाहिन्या दाबल्या जातात आणि वर आपण श्वास कोंडून धरतो, म्हणून. वजन खाली ठेवलं की काही क्षणांत ते खाली येतं आणि निरोगी माणूस ते सहन करतो, पण बीपी आधीच वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असला मोठा लोड नको. आणि उचलताना श्वास सोडत जा, ट्रेनर उगाच ओरडत नाही.

सगळ्यात बोअरिंग दिसणारा व्यायाम मात्र पुढे निघालाय. भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं, 2 मिनिटं. मधे थोडी विश्रांती, असं 4 वेळा, आठवड्यातून 3 दिवस. 2023 मध्ये 270 चाचण्या एकत्र करून पाहिलं तर असल्या स्थिर व्यायामानं वरचा आकडा सरासरी 8 नं उतरला, पळण्या-चालण्यानं साडेचारनं. म्हणून पळणं सोडू नका, दमसासाला तेच लागतं. दीड मिनिटानंतर माझ्या मांड्या जशा थरथरतात ना, ते मी कॅमेऱ्यावर दाखवणार नाही.

हे सगळं विशी-तिशीतच का सुरू करायचं, तर अमेरिकेत 1985 पासून 18 ते 30 वयाच्या 5000 हून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यात तरुणपणी आठवड्याला 5 तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये पुढे हाय बीपीचा धोका 18 टक्के कमी दिसला. आणि व्यायाम सुटतो नेमका याच वयात, नोकरी लागली की.

पण शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा सारखा 140/90 च्या वर येत असेल (अमेरिकेत तर 2017 पासून 130/80 लाच हाय म्हणतात) तर नुसतं पळत बसू नका, डॉक्टरकडे जा, कमी वयात किडनी किंवा हार्मोनचंही कारण निघू शकतं. प्री-वर्कआउट पावडर घेत असाल तर तेही सांगा, त्यात कॅफिन भरपूर असतं.

मोजायच्या आधी अर्धा तास व्यायाम नाही, कॉफी नाही, सिगारेट नाही. मलाही आता पळून अर्धा तास झालाय, मोजूया परत. तीन मिनिटांच्या पळण्यानं ते 118 च्या खाली जाईल अशी आशा नाही. आणि आता पाच मिनिटं मी गप्प बसतो, कारण बोलता बोलता मोजलं तरी आकडा वाढतो.

(शांतता. कफ फुगतो, सुटतो. मशीन कॅमेऱ्याकडे वळवून)

119/75.