अंगुलिमाल थांबला, त्यानंतर

[दृश्य: श्रावस्ती, महेठचे अवशेष. विटांचा उंच ढिगारा, वर चढणाऱ्या पायऱ्या.]

उत्तर प्रदेशातलं श्रावस्ती. इथल्या उत्खननाच्या जागेला सहेठ-महेठ म्हणतात. सहेठ म्हणजे बुद्धांचं जेतवन आणि महेठ म्हणजे कोसल राज्याची जुनी राजधानी. या महेठमध्ये विटांची एक भक्कम वास्तू आहे, पक्की कुटी. पाचव्या शतकात आलेला फाहियान आणि सातव्या शतकातला ह्युएन त्सांग या दोन्ही चिनी प्रवाशांनी श्रावस्तीत एक स्तूप असल्याचं लिहिलंय. तो स्तूप म्हणजेच ही पक्की कुटी, असं एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मांडलं. हे सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. पण स्तूप कुणाच्या नावाचा, याबद्दल दोन्ही प्रवाशांचं एकमत आहे. तो एका खुन्याच्या नावाचा होता. अंगुलिमालाच्या.

[दृश्य: चित्र. पाठमोरे बुद्ध, मागे शस्त्र घेऊन धावणारा दरोडेखोर.]

हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर. गुराखी, नांगरे, वाटसरू बुद्धांना विनवतात, त्या वाटेनं जाऊ नका, चाळीस-चाळीस जणांचे तांडेही त्याच्या तावडीतून सुटलेले नाहीत. बुद्ध काही न बोलता चालत राहतात. धावता हत्ती, धावता घोडा गाठणारा अंगुलिमाल जिवाच्या आकांतानं पळतो, आणि सावकाश चालणारे बुद्ध त्याच्या हाती लागत नाहीत. तो ओरडतो, "थांब, श्रमणा!" उत्तर येतं, "मी थांबलोय, अंगुलिमाल. तूही थांब." तो शस्त्रं कड्याखाली फेकतो, पायाशी येतो, भिक्षू होतो.

कॅलेंडरवर, चित्रकथेत, भाषणात गोष्ट इथे संपते. इथेच संपवली, तर ती बुद्धांची गोष्ट होते. अंगुलिमाल कशासाठी? नायकाचा मोठेपणा दिसावा म्हणून. त्याचं बदलणं म्हणजे नायकाच्या विजयाची पावती. ती मिळाली की त्याचं काम झालं, पडदा पाडायला हरकत नाही.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं शहाऐंशीवं सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश सांगणारं प्रकरण, मात्र इथे पडदा पाडत नाही. खरं तर सुत्ताचा मोठा भाग इथून पुढचाच आहे.

कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो आणि वाटेत बुद्धांना भेटतो. मुंडण केलेला, चीवर घातलेला अंगुलिमाल तिथेच बसलेला असतो. बुद्ध हात करून दाखवतात, हाच तो. राजाच्या अंगावर काटा येतो. भीती ओसरल्यावर तो जवळ जातो आणि त्याच्या आई-वडिलांचं गोत्र विचारतो. वडील गग्ग, आई मंताणी. बोटांच्या माळेवरून पडलेल्या नावाशिवाय या माणसाला काही ओळख आहे, हे आपल्याला इथे पहिल्यांदा कळतं.

[दृश्य: श्रावस्तीतली आजची गल्ली, सकाळ.]

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मला हे सुत्त अमूल्य वाटतं. भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालाला एक बाळंतीण दिसते. ती अडली आहे, बाळ सुटत नाही, ती तळमळते आहे. ज्यानं किती जीव घेतले याची मोजदाद नाही, त्याला त्या वेदना बघवत नाहीत. तो परत येऊन बुद्धांना सांगतो. बुद्ध म्हणतात, जा आणि तिला म्हण, "बाई, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतल्याचं मला आठवत नाही. या सत्यानं तुझं आणि बाळाचं कल्याण होवो."

अंगुलिमाल म्हणतो, "भंते, हे तर धडधडीत खोटं होईल. मी पुष्कळ जीव घेतलेत."

इथे तो नायकाला अडवतो. स्वतःच्या गुन्ह्यावर पांघरूण घालू देत नाही. मग बुद्ध वाक्य बदलतात: "आर्य जन्म घेतल्यापासून," म्हणजे भिक्षू म्हणून नव्यानं जन्मल्यापासून. तो जातो, तसं म्हणतो, बाई मोकळी होते. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये गरोदर बाईसाठी हे परित्त, म्हणजे रक्षणासाठी म्हणायचं वचन, आजही म्हटलं जातं.

पुढे तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला भिक्षू, होतो. गोष्ट गोडीनं संपवायला दुसरी चांगली जागा मिळाली होती. सुत्त तिथेही संपत नाही.

तो पुन्हा भिक्षेला जातो. कुणाचं ढेकूळ अंगावर येतं, कुणाची काठी, कुणाचं खापर. डोकं फुटून रक्त वाहतं, भिक्षापात्र फुटतं, अंगावरची संघाटी, म्हणजे वरचं वस्त्र, फाटते. तशाच अवस्थेत तो बुद्धांसमोर उभा राहतो. ते म्हणतात, "सोस, ब्राह्मणा, सोस." आपल्या शिष्याला मारू नका, असं सांगायला ते गावात जात नाहीत. ज्या कर्माचं फळ नरकात हजारो वर्षं भोगावं लागलं असतं, ते तू याच जन्मी भोगतो आहेस, एवढंच सांगतात.

ढेकळं मारणारे कोण होते, सुत्त सांगत नाही. मी वाचतो तेव्हा मला त्यांच्यात कुणाचा तरी भाऊ दिसतो, कुणाची विधवा दिसते. त्यांच्यासाठी अंगुलिमाल अर्हत झाला काय आणि न झाला काय! सुत्त त्यांना दुष्ट ठरवत नाही, माफ करा असा उपदेशही त्यांना करत नाही. खलनायकाचं परिवर्तन दाखवताना मेलेल्यांची माणसं बहुतेक लेखक विसरतात. इथे ती आहेत, हातात दगड घेऊन.

[दृश्य: ताडपत्रावरची जुनी पोथी.]

नंतरच्या अट्ठकथांनी, म्हणजे सुत्तांवरच्या टीकाग्रंथांनी, त्याला भूतकाळ दिला. तक्षशिलेतला हुशार विद्यार्थी, मत्सरी सहाध्यायी, कान भरलेला गुरू, गुरुदक्षिणेत हजार बोटांची मागणी. शेवटच्या बोटासाठी तो सख्ख्या आईवरच धावणार, तेवढ्यात बुद्ध येतात. गोष्ट रंगते यात शंका नाही. पण गुन्ह्याचं ओझं गुरूच्या खांद्यावर सरकतं आणि नायकाचा प्रवेश अगदी वेळेवर होतो. मूळ सुत्तात यातलं काही नाही. तिथे त्याच्या क्रौर्याला सबब नाही, आणि म्हणून त्याचं बदलणं मला जास्त खरं वाटतं.

शिवाय त्याला स्वतःचा आवाज आहे. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या कवनांच्या संग्रहात, त्याच्या तोंडच्या गाथा आहेत. कुणी काठीनं वठणीवर आणतात, कुणी अंकुशानं, कुणी चाबकानं, मला मात्र हाती शस्त्र नसलेल्यानं वळवलं, असं तो म्हणतो. त्यांत तो आपल्या शत्रूंबद्दलही बोलतो. त्यांच्याही कानी धम्म पडो, अशी त्याची इच्छा आहे.

[दृश्य: पुस्तकाचं पान, मग तुरुंगाची उंच भिंत.]

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर, 1957 साली, त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा त्यात वेगळा भाग आहे, आणि अंगुलिमाल तिथे आहे. 1985 साली ब्रिटनमध्ये तुरुंगातल्या कैद्यांना धम्माचा आधार देणारी एक संस्था सुरू झाली. अजान खेमधम्मो या भिक्षूंनी ती स्थापन केली. बुद्धांचं नाव हाताशी असताना त्यांनी संस्थेला नाव दिलं अंगुलिमाल. कोठडीत बसलेल्या माणसाला वाट विचारायची असेल, तर ती त्या वाटेनं गेलेल्यालाच विचारावी लागते.