सड्यावरचे शेजारी आणि त्यांचं गोत

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेलात तर फोटो जरूर काढा, पण एकदा गुडघे टेकून खालीही बघा. जांभ्यावर मातीचा पातळसा थर, तोही पावसानं धुतलेला, नत्राची बोंबच. तिथं दवबिंदू आणि सीतेची आसवं एकमेकांना खेटून उगवतात. दवबिंदूच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, किडा टेकला की अडकला. सीतेच्या आसवांचं जांभळं फूल तेवढं वर दिसतं, खरा कारभार खाली. या झाडाला मुळं नाहीतच. चिखलात पसरलेल्या धाग्यांना बारीक पिशव्या असतात आणि त्या पापणी लवायच्या आत पाण्यासकट जीव आत ओढतात.

दोघंही कीटकभक्षी, म्हणजे जवळचे नातलग? मुळीच नाही. दवबिंदू माठ-पालकाच्या गोतातला, सीतेची आसवं तुळस-तिळाच्या. उपाशी मातीनं दोन परक्या कुळांना एकच धंदा शिकवला. शेजारचा पिवळा कवला शेंगावर्गीय; त्यानं किडे न मारता मुळांच्या गाठींत जिवाणू पोसून नत्राची सोय केली. त्यामुळे नुसती वंशावळ पाहून कोण कुठं जगेल हे सांगणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. आधी गुण बघावेत, मग गोत.

अर्थात गोत अगदीच निरुपयोगी नाही. डार्विननं १८५९ सालीच लिहून ठेवलंय की जवळच्या जातींत स्पर्धा सर्वांत तीव्र, कारण गरजा सारख्या. थोडक्यात, भाऊबंदकी. पण गरजा सारख्या म्हणजे मानवणारी जागाही सारखी! मग नातलग एकत्र सापडणार की लांब? दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, आणि पंचाईत नेमकी तिथंच आहे.

याचं मला आवडणारं उदाहरण फ्लोरिडातल्या ओक वृक्षांचं. वनस्पतींच्या परिसंस्था अभ्यासणाऱ्या जेनीन कॅव्हेंडर-बेअर्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १७ जाती अभ्यासल्या. निष्कर्ष २००४ साली आले. कोरडी वाळू, ओलसर रान, वारंवार वणवा लागणारी झुडपं अशा वेगवेगळ्या जागा. एका जागी शेजारी सापडले ते बहुधा वेगळ्या शाखांतले: लाल ओकांपैकी एखादा, पांढऱ्यांपैकी एखादा. जवळचे भाऊ मात्र पांगलेले. ओल आणि वणवा सोसण्याचे गुण प्रत्येक शाखेत स्वतंत्रपणे आले होते, म्हणून परके एकत्र नांदू शकले. आपल्या सड्यासारखंच.

पुढं त्यांनी ओकांपुरतं न बघता सगळ्याच वनस्पती हिशोबात घेतल्या, क्षेत्रही वाढवलं. तेव्हा चित्र उलटलं आणि नातलगच एकत्र दिसू लागले. कासलाही हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. अख्खा सडा धरला तर गेंदाच्या (पांढऱ्या गोल बोंडांसारखी फुलं येणाऱ्या झाडाच्या) कितीतरी जाती एकत्र म्हणायच्या. जवळून पाहिलं तर कुणी डबक्याच्या पाण्यात, कुणी नुसत्या ओल्या मातीवर. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘नातलग एकत्र राहतात’ असं ठासून सांगितलं, तर किती जागेत आणि कुणाकुणाला मोजून, एवढं विचारा.