सूर्यास्ताच्या आत

मुंबईतला, डिसेंबरातला शुक्रवार. सूर्य सहाच्या सुमारास मावळेल. त्यासोबत ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, सुरू होईल आणि शनिवारी रात्रीपर्यंत चालेल. त्याच्या मेणबत्त्या सूर्यास्ताआधी १८ मिनिटं, म्हणजे पावणेसहाच्या आत लागायला हव्यात. परदेशातून आलेल्या ज्यू पाहुण्याला ही वेळ फोन सांगतो. शब्बाथला गाडीत बसायचं नाही, म्हणून भायखळ्याच्या मॅगन डेव्हिड सिनेगॉगपर्यंत (ज्यू प्रार्थनास्थळापर्यंत) पायी जाता येईल असंच हॉटेल त्याने नकाशावर हुडकलंय.

रायगडातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घराण्यांनी पिढ्यानपिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, तो कुठल्याही ॲपशिवाय. पण आपल्या गावात सूर्य कुठल्या माडामागे उतरतो, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. अडचण होते ती परमुलखात.

कारण ज्यू धर्मातला तास साठ मिनिटांचा नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा भाग करायचे; उन्हाळ्यात ते लांबतात, हिवाळ्यात आखडतात. सकाळची ‘शेमा’ ही प्रार्थना तिसरा भाग सरायच्या आत म्हणायची. काही धर्मपंडित दिवस पहाटेपासून धरतात, म्हणून ॲपवर दोन वेगळ्या वेळा दिसतात. आपल्या घरची रीत कुठली, ते निघण्याआधीच विचारून घ्यावं.

खरी कसोटी पुढे आहे. शब्बाथ लागला की फोनला हात नाही, विजेच्या बटणाला नाही. आणि हॉटेलच्या खोलीचं दार उघडतं कार्डाने! ते कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवेही लागत नाहीत. म्हणून पाहुणा आल्याआल्या काउंटरवर साधी किल्ली मागतो, जिन्याने चढता येईल असा खालचा मजला मागतो. सोबत एक दिवा आणलेला असतो. त्याचा बल्ब रात्रभर जळतो. अंधार हवा तेव्हा फक्त वरचं झाकण फिरवायचं. मला ही युक्ती फार आवडते. शनिवारच्या वेळा कागदावर उतरवून झाल्या, की फोन बंद.

दूरच्या प्रवासात तर वारच कुठला, हा प्रश्न पडतो; कारण वार बदलण्याची रेषा पृथ्वीवर नेमकी कुठे धरायची, यावर ज्यू धर्मपंडितांचं एकमत नाही. १९४१ साली जपानमधल्या कोबेत अडकलेल्या ज्यू निर्वासितांनी जेरुसलेमला तार केली: योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास आम्ही कधी धरायचा? तिथल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) बैठक घेऊन कळवलं, बुधवारी. ‘हाझोन ईश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रब्बींचं मत मात्र गुरुवारचं होतं. हा मतभेद अजून मिटलेला नाही. जपानचं तिकीट काढणारा धार्मिक ज्यू आजही त्यासाठी आपल्या रब्बींना फोन करतो.