अकरा एमबीवर अडकलेली कॉपी

फाइल कॉपीच्या विंडोतला हा आकडा बघा. 11.2 एमबी पर सेकंद. मधेच 11.3 होतो, परत 11.1, पण बाराच्या वर काही केल्या जात नाही. नागपूर, धरमपेठ, एका आर्किटेक्टचं ऑफिस, मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरून राह्यला आहे आणि सर्व्हरवरून ड्रॉइंगचं 40 जीबीचं फोल्डर या पीसीवर घ्यायचंय. लागेल तासभर.

"काहून इतका टाइम लागून राह्यला बे?" असं कोणीतरी विचारतं, दुसरा म्हणतो नेट स्लो आहे, आणि साहेब लगेच इंटरनेटवाल्याला फोन लावतात की प्लॅन वाढवून द्या. आता प्लॅन कितीचाही घ्या, ही फाइल इंटरनेटवर जातच नाही ना. कोपऱ्यातल्या सर्व्हरमधून निघाली, स्विचमधून, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्यातून गेली, या टेबलावर आली, बस. ऑफिसच्या बाहेर तिचा काही संबंधच नाही.

खरं म्हणजे तो अकराचाच आकडा सगळं सांगून राह्यला आहे. नेटवर्कचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीच्या विंडोत दिसतो तो मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. आता लिंक, म्हणजे पीसी आणि स्विचमधली जोडणी, 100 मेगाबिटची धरा. 100 ला आठने भागा, साडेबारा. त्यातून हेडर (डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता) वगैरेचा खर्च गेला की हातात राहतात अकरा, साडेअकरा. म्हणजे गिगाबिटचा, हजार मेगाबिटचा, स्विच घेतलाय, पीसीत गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आहे, पण मधे कुठेतरी लिंक 100 वरच बसली आहे. गिगाबिटवर असती तर डिस्कने साथ दिल्यावर 110 एमबीच्या आसपास मिळायला हरकत नव्हती. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो, तिथे बघायला अर्धा मिनिट लागतो, तरी ते सोडून लोक सर्व्हर रिस्टार्ट करत बसतात.

आता केबलच्या टोकाचा हा कनेक्टर जवळून बघा. केबलमध्ये आठ तारा. 100 च्या लिंकला त्यातल्या चारच पुरतात, पण तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला, ज्याचं स्टँडर्ड 1999 मध्ये आलं, आठही लागतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे कनेक्टर केबलवर दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नाही किंवा उंदराने कुरतडली, तर बरेचदा लिंक बंद पडत नाही, कार्ड आणि स्विच गुपचूप 100 वर येतात. नेट चालतं, मेल जातो, प्रिंट निघते, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट केबलच्या मालाची. स्वस्तातल्या बंडलमध्ये वरून तांब्याचा मुलामा आणि आतून अॅल्युमिनियम असतं, ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. अशी तार लवकर तुटते आणि रेझिस्टन्सही जास्त. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. केबलच्या 100 मीटर लांबीचा हिशोब 20 डिग्रीला धरलेला असतो, केबल तापली की सिग्नल जास्त गळतो, आणि आपण ती गच्चीवरच्या टिनाला चिकटवून नेतो जिथे दुपारी हात ठेववत नाही. लांबचा रन असेल तर सावलीतून न्या, पाइपातून न्या, आणि केबल खऱ्या तांब्याची घ्या, इथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

इथे नवा कनेक्टर मारला, लिंक 1 गिगाबिट झाली, फोल्डर सहा-सात मिनिटांत आलं.

पण बाजूच्या अकाउंट्सच्या टेबलावर लिंक आधीपासूनच 1 गिगाबिट दाखवते आणि कॉपी तरीही रखडते. तिथे ग्राफ सुरुवातीला उंच उडतो आणि मग धपकन खाली. सुरुवातीच्या त्या आकड्यावर जाऊ नका, तेव्हा डेटा नुसता रॅममध्ये जमा होत असतो. दिसणारा आकडा फसवू शकतो. 2024 च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने 56 डिग्री दाखवलं होतं, आठवतं ना, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. तर आधी मीटर तपासा. आयपर्फ थ्री नावाचं फुकट टूल आहे, दोन्ही मशीनवर चालवा, ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. इथे आलं 940 मेगाबिटच्या आसपास, म्हणजे केबल आणि स्विच दोघंही निर्दोष सुटले.

मग उरतं काय? हजारो बारक्या फाइली असतील तर प्रत्येकीला उघडा, परमिशन बघा, अँटिव्हायरसकडून तपासून घ्या, बंद करा, यातच वेळ जातो. झिप करून पाठवा, नाहीतर विंडोजच्याच रोबोकॉपी या कॉपी कमांडला स्लॅश एमटी (/MT) लावा, ते एकावेळी आठ फाइली उचलतं. पण इथे तर एकच मोठी बॅकअप फाइल होती आणि ती पण अडखळत होती. सर्व्हरच्या हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडला तर खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले तुकडे) दिसले, आणि त्यांचा आकडा वाढतोय. आता स्पीडचं नंतर बघू. आधी बॅकअप, आज रात्रीच, आणि तो वेगळ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये नाही.