गढूळ पाण्यात वर कोण आहे?

(काळोख. होडीच्या फळीवर पाणी आपटल्याचा आवाज. हळूहळू उजाडतं.)

मासा टिपायला पाण्यात उतरलं की लगेच भाल्याला हात लावायचा नाही. आधी आपला हात बघायचा. मास्क लावायचा, तोंड पाण्यात घालायचं, उजवा हात पुढे ताणायचा आणि बोटं मोजायची.

आता तुम्हीच बघा. कोपर दिसतंय. मनगट धूसर झालंय. त्याच्यापुढे नुसता हिरवट-पिवळा धूर. बोटं जागेवर आहेत, पण दिसत नाहीत.

होडीतले काका वरून विचारतात, "काय दिसता?"

"काय नाय."

"मग वायच थांबा. मासो खय जातलो नाय."

आम्ही पुन्हा होडीत चढतो.

(निवतीचा किल्ला, खाली काळे खडक, खडकांवर फुटणाऱ्या लाटा.)

ही वेंगुर्ले तालुक्यातली निवती. उत्तरेला भोगवे, त्याच्या पलीकडे कर्ली नदीचं मुख आणि देवबाग. आम्ही पाच मित्र हिवाळ्यात महिन्यातून दोन-तीनदा इथे येतो. एक प्राथमिक शाळेत शिकवतो, एक टेम्पो चालवतो, एकाची हापूसची बाग आहे, एक दुकान सांभाळतो आणि मी कॅमेरा धरतो. पोहायला पाचहीजण लहानपणीच शिकलो, विहिरीत, कमरेला सुकी भोपळी बांधून. एका श्वासात बुडी मारून भाल्याने मासा टिपायला मात्र तिशीनंतर शिकलो. पाठीवर हवेची टाकी नसते. छातीत मावेल तेवढीच हवा आणि तेवढाच वेळ.

कोकणातलं पाणी निळंशार नसतं. टीव्हीवर दिसणाऱ्या प्रवाळांच्या समुद्राशी त्याची तुलना केली की माणूस पहिल्याच दिवशी हिरमुसतो. आमच्या नद्या जांभ्याची लाल माती घेऊन खाली येतात. पावसाळाभर हा गाळ किनाऱ्याला साठतो, आणि लाट जोराची असली की पुन्हा उठतो. पावसानंतर पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात, त्याने पाणी हिरवं होतं. त्या हिरवटपणावर तारली-बांगडा पोसतो आणि बांगड्याच्या मागे मोठा मासा येतो. म्हणून या गढूळपणाला मी नावं ठेवत नाही. पाणी असं आहे म्हणूनच इथे मासळी आहे.

नितळ पाणी मिळतं ते तिथी बघून. आमच्या आज्यांच्या वेळचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण व्हायची ढोबळ वेळ मिळते. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातच्या सुमाराला भरती पुरी. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळ ढवळून काढतं. अष्टमी-दशमीच्या भांगाला पाणी सुस्त असतं. शिवाय ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर येतो, भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. त्यामुळे आमची वेळ ठरलेली: भांगाचे दिवस, भरतीचा शेवटचा तास, आणि पहाटेचा मतलई वारा. तो जमिनीकडून येतो, त्यामुळे समुद्र सपाट असतो. अकरानंतर खारा वारा सुटला की सामान आवरायचं.

(होडीत मांडलेलं सामान. कॅमेरा एकेका वस्तूजवळ जातो.)

वाट बघता बघता सामान दाखवतो. ही बंदूक. नाव बंदूक असलं तरी आत दारू नाही. तत्त्व बेचकीचंच. रबर ताणायचं, खाचेत अडकवायचं, घोडा दाबला की लोखंडी भाला सुटतो. भाला दोरीने बंदुकीला बांधलेला. आमच्या बंदुका आखूड, ७५ सेंटीमीटरच्या. लांब बंदूक नितळ समुद्रासाठी. इथे ती खडकात अडकते. भाला दोरीसकट साधारण तीन मीटर जातो, आणि त्यावरूनच आमचा नियम ठरला: तीन मीटरपलीकडचं दिसत नसेल तर रबर ताणायचं नाही. भाला जिथे थांबणार ती जागा दिसलीच पाहिजे, कारण तिथे मासा असेल तसा मित्रही असू शकतो. होडीत रबर ताणायचं नाही, ते पाण्यात उतरल्यावरच. आणि ताणलेली बंदूक कुणाकडे वळवायची नाही, हे तर बोलायचीही गरज पडत नाही.

ही पोटरीला बांधलेली सुरी. माशासाठी कमी, तंगुसासाठी, म्हणजे जाळ्याच्या पारदर्शक नायलॉन धाग्यासाठी, जास्त. तुटलेली तंगुसाची जाळी खडकांना अडकून राहतात. पाण्यात तंगूस दिसत नाही, पायाला लागल्यावरच कळतं. हे दोन थर्मास. निळ्यात चहा. लाल थर्मास उघडायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही रोज प्रार्थना करतो. त्यात गरम पाणी आहे, पाकट माशाच्या काट्यासाठी. वाळूत दबून बसलेल्या पाकटावर पाय पडला आणि शेपटीचा काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. गरम पाण्याने ठणका उतरतो.

आणि हा नारिंगी फुगा, वर झेंडा. फुग्यापासून वीस मीटरची पिवळी दोरी थेट बंदुकीपर्यंत जाते. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे इंजिनाची घरघर ऐकू येते पण होडी कुठून येतेय ते कानाला कळत नाही. झेंडा बघून होडीवाल्यानेच वळायचं. पण या दोरीचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो आम्हाला उशिरा कळला.

(फक्त समुद्र. निवेदन थोडं थांबून.)

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पाणी आजच्यासारखंच होतं, तळ सात-आठ मीटरवर. आम्ही चौघे पाण्यात, आणि चौघेही खाली बघत होतो, प्रत्येकजण आपापल्या माशाच्या मागे. आमच्या मास्तरांना, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या मित्राला, कपारीत गोबरा मासा दिसला. बुडी मारण्याआधी त्यांनी भराभर दहा-बारा श्वास घेतले. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं की असं केलं की जास्त वेळ राहता येतं.

राहता येतं, हे खरंय. पण का, ते आम्हाला माहीत नव्हतं. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेतले की तो वायू शरीरातून निघून जातो. मग खाली गेल्यावर छाती तडफडतच नाही. सगळं शांत वाटतं, आणि इकडे ऑक्सिजन संपत चाललेला असतो. खाली पाण्याचा दाब असतो तोवर उरलासुरला ऑक्सिजन रक्तात ढकलला जातो. वर येताना दाब उतरतो, आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत मेंदूचा दिवा विझतो. उजेड दिसत असतो, पृष्ठभाग हाताशी असतो, आणि माणूस तिथेच जातो.

मास्तर वर आले. मी योगायोगाने त्याच वेळी डोकं वर काढलं होतं. योगायोगानेच, यात माझं कसलंही कौतुक नाही. त्यांनी श्वास सोडला, माझ्याकडे पाहिलं, पण त्या डोळ्यांत मी नव्हतो. ओठ जांभळासारखे. मान हळूच पुढे आली आणि तोंड पाण्यात गेलं. धडपड नाही, ओरडणं नाही. झोपेत मान कलंडते ना, तशी.

मी हनुवटी धरून तोंड वर केलं. टेम्पोवाला मित्र पोचला, त्याने मास्क ओढून काढला, गालावर चापट्या मारल्या, चेहऱ्यावर फुंकर घातली. "श्वास घे रे! घे श्वास!" किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दहा सेकंद असतील, मला अजून संपलेले नाहीत. मग घशातून मोठा आवाज आला, छाती भरली आणि मास्तर म्हणाले, "काय झाला? असे काय बघतास?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांच्या हिशेबाने ते वर येऊन आमच्याशी बोलतच होते.

त्या दिवशी होडीत कुणी बोललं नाही. गोबरा कपारीतच राहिला. घरी मी तीन दिवस सांगितलं नाही.

(पाण्यावर नारिंगी फुगा. दोघेजण, एक वर, एक खाली जाण्याच्या तयारीत.)

आता आम्ही जोडीनेच उतरतो. एक खाली, एक वर. वरच्याने शिकार करायची नाही, दुसरीकडे बघायचंही नाही. नितळ समुद्रात वरून खालचा माणूस दिसतो. इथे तीन-चार मीटरवर गेला की गडप. मग वरच्याने बघायचं काय?

दोरी. ही बघा, बोटांत धरलीय. आवळून नाही, पतंगाची ढील द्यावी तशी. खालचा सरळ उतरतोय तेव्हा दोरी एकसारखी सरकते. तळाला निजला की थांबते. मासा मारला की थरथरते, ती थरथर कधी चुकत नाही. आणि वर यायला निघाला की सैल पडते. मी मनात आकडे मोजतो. पंचेचाळीसला त्याने निघायचं हे ठरलेलं. साठला दोरी सैल पडली नसेल तर मी खाली जाणार, विचार करायला थांबायचं नाही. वर आल्यावरही काम संपत नाही. पुढचा अर्धा मिनिट त्याच्या ओठांकडे बघायचं आणि त्याने तोंडाने म्हणायचं, "मी बरो आसय." नुसता अंगठा दाखवलेला चालत नाही.

(पाण्याखाली. आता दगडाच्या कडा दिसू लागल्या आहेत.)

सात वाजले. बाहेरचं पाणी आत आलं. हात पुन्हा ताणला, पाचही बोटं दिसतात आणि त्यांच्यापुढे खडकावरचं शेवाळही.

मास्तर खाली जातात. पोटावर निजतात, बोटाने चिमूटभर वाळू उडवतात आणि गप्प. गढूळ पाण्यात माशाच्या मागे धावून उपयोग नसतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जी रेघ असते तिला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. तुम्हाला तो दिसायच्या आधी त्याला तुम्ही कळलेले असता. म्हणून आपण दगड व्हायचं. त्यालाच कुतूहल वाटलं तर येतो.

आला. तांबोसा मासा, दीड-एक किलोचा. मास्कमधून प्रत्येक वस्तू जवळ आणि मोठी दिसते, म्हणून मास्तर आणखी थांबतात. डोळा स्पष्ट दिसेपर्यंत. मग टक्. माझ्या बोटांत दोरी थरथरते. मासा वर आणल्याबरोबर त्यांनी डोळ्यांमागे सुरीचं टोक दाबलं. तडफडत ठेवायचा नाही.

भाल्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जाळ्यातला किंवा गळाचा मासा लहान निघाला तर सोडता येतो. भाला लागलेला मासा सोडता येत नाही. म्हणजे सोडायचा तो मारण्याआधीच. गोबरा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. खडकातला सगळ्यात थोराड गोबरा मारला तर तिथला नरच गेला. म्हणून सगळ्यात मोठा आणि अगदी लहान, दोन्ही आम्ही सोडतो. गोबऱ्याच्या जातीतला सगळ्यात अवाढव्य, अडीच मीटरपर्यंत वाढणारा मासा २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतला, वाघाच्या पंगतीला. त्याची पिल्लं काळी-पिवळी असतात. गढूळ पाण्यात कपारीत नुसते ठिपके दिसले तर ओळखणार कसा? मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे आम्ही भाला नेतच नाही. आणि इथेही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर आधी रापणकरांना विचारायचं. त्यांचं पोट आहे ते, आमची हौस.

(वर. मास्तर पुन्हा बुडी मारतात.)

मास्तरांची शेवटची बुडी. दोरी सरकते. थांबते. वीस. तीस. थरथर नाही. पस्तीस. एक हिसका येतो, लगेच दोरी स्थिर. चाळीस. माझ्या पायांतले फिन्स तयार. दोरी सैल पडते.

डोकं वर येतं. ओठ लाल. तीन मोठे श्वास.

"मी बरो आसय."

"काय होता?"

"मोठो होतो रे, कपारीत. निसते ठिपके दिसले." अजून एक श्वास. "ओळखलंय नाय. सोडलंय."

मी अर्धा मिनिट पुरा मोजतो. मग कॅमेरा होडीत काकांच्या हातात देतो आणि दोरी मास्तरांच्या बोटांत. आता माझी पाळी.