कचऱ्याची गाडी आणि कंत्राटाचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

ओला वेगळा, सुका वेगळा करून आपण दोन बादल्या घेऊन खाली उतरतो आणि गाडीवरचा माणूस दोन्ही एकाच हौद्यात उपड्या करतो. आपण त्याच्यावर चिडतो. मीही चिडलोय. पण खरी गोम कंत्राटाच्या कागदात असते.

पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. वजनकाट्यावर भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, फरकाचं बिल लावायचं. आता बघा, ओला कचरा जड. तो घरीच जिरवला, कागद-प्लास्टिक बाजूला काढलं, की गाडी हलकी आणि बिलही हलकं. म्हणजे आपण जितके शहाण्यासारखे वागू, तितका ठेकेदाराचा तोटा! तो कशाला वर्गीकरण करील? तेच पैसे घरांमागे दिले आणि मिसळलेल्या गाडीचे कापले, तर हौद्यात दुसऱ्याच दिवशी ओलं-सुकं वेगळं ठेवणारी फळी बसेल.

बरं, ‘एकाच ठेकेदाराची मक्तेदारी नको, लोकांना निवडू द्या’ असंही म्हणतात. आयर्लंडमध्ये बहुतेक भागांत तसंच आहे, ज्यानं त्यानं आपली कंपनी ठरवायची. ऐकायला झकास. पण मग एकाच गल्लीत दोन कंपन्यांच्या गाड्या फिरतात, डिझेल दोघींचं जळतं, आणि जिथे एकच कंपनी पोचते तिथे निवड नावापुरती. २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण आयोगानंच या धंद्यावर नियामक, म्हणजे देखरेख ठेवणारी वेगळी यंत्रणा, नेमा, असं सुचवलं. माझ्या मते चढाओढ निविदा उघडताना व्हावी, गल्लीत नव्हे.

घरांकडून मात्र मापानं पैसे घ्यायला हरकत नाही. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचरा ठरावीक, विकतच्या पिशवीतच टाकायचा. मोठी पिशवी, जास्त पैसे. पुनर्वापराचं वेगळं काढलं तर ते फुकट जातं. अर्थात लोकांच्या गळी हे उतरवणं सोपं नाही. आयर्लंडनं २०१६ मध्ये वजनावर आकारणी सक्तीची करायचं ठरवलं, तर एवढी ओरड झाली की बेत बारगळला.

आणि नियामक वेगळा का हवा? गाडी आली नाही म्हणून आपण तक्रार करतो. अनेकदा ती ज्या टेबलावर जाते, त्याच टेबलावर ठेकेदाराचं त्या दिवशीचं बिल मंजूर झालेलं असतं.