मौनावरची चिठ्ठी

मित्रहो, आज मला तुम्हाला एका पत्राविषयी सांगायचं आहे. त्यावर तारीख आहे १ मार्च १६९१. ते लिहिलं गेलं मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमो मठात. लिहिणारीचं नाव सोर हुआना इनेस दे ला क्रूस. स्पॅनिशमध्ये ‘सोर’ म्हणजे मठातली भगिनी. पत्र आहे मेक्सिकोतल्याच पुएब्ला शहराच्या बिशपला, पण मायना आहे ‘सोर फिलोतेआ’ या नावाचा. तो का, ते पुढे येईलच.

हुआनाचा जन्म नेपान्त्ला गावातला, पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याच्या मुलखातला. नेपान्त्ला हा नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘मधोमध’. (पुढे विसाव्या शतकात टेक्सासच्या लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी दोन संस्कृतींच्या मधोमध राहणाऱ्यांसाठी नेमका हाच शब्द उचलला.) जन्मसाल कोणी १६४८ धरतं, कोणी १६५१. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. आई इसाबेल रामीरेस शेतमळ्याचा सगळा कारभार बघायची, पण तिला स्वतःची सही करता येत नव्हती. मुलगी वाढली आजोबांच्या पुस्तकांत.

तिचं बालपण आपल्याला कळतं ते मुख्यतः याच पत्रातून. तिसऱ्या वर्षी ही मोठ्या बहिणीच्या मागे मागे शिकवणीला गेली आणि बाईंना खोटंच सांगितलं, ‘आईनं मलाही शिकवायला सांगितलंय.’ बाईंना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी शिकवलं. चीज खाल्लं की बुद्धी जड होते असं कुठेतरी कानावर आलं, तर आवडीचं चीज सोडून दिलं. शहरात विद्यापीठ आहे हे कळल्यावर मुलाचे कपडे घालून मला तिकडे पाठव, असा आईच्या मागे धोशा लावला. पुढे लॅटिन शिकताना तिने केसांशीच पैज लावली. चार-सहा बोटं केस कापायचे आणि ते पुन्हा तेवढे वाढेपर्यंत अमुक एक गोष्ट शिकून झाली नाही, तर परत कापायचे. केस भराभर वाढायचे, डोकं मागे राहायचं, कात्री चालायची. ज्या डोक्यात ज्ञान नाही, त्याने केसांनी नटावं हे तिला पटत नव्हतं.

मेक्सिकोवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. पुढे ती स्पेनच्या राजाच्या तिथल्या प्रतिनिधीच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, दरबारात दाखल झाली. तिथे चाळीस विद्वानांनी तिची परीक्षा घेतली. मोठं लढाऊ जहाज छोट्या होड्यांना परतवतं तशी ती सगळ्यांना पुरून उरली, असं व्हाइसरॉयने नंतर सांगून ठेवलं आहे. आणि अशी ही मुलगी १६६९ मध्ये सान हेरोनिमोत जोगीण झाली. का? पत्रात ती आडपडदा ठेवत नाही. लग्नाची तिला मुळीच इच्छा नव्हती. त्या काळच्या बाईला लग्न किंवा मठ, याखेरीज अब्रूची तिसरी वाट नव्हती. मठात निदान स्वतःची खोली होती, दार होतं आणि पुस्तकं ठेवायला जागा होती.

त्या खोलीत तिने काय काय लिहिलं! नाटकं, सुनीतं, चर्चच्या सणांची गाणी. त्या गाण्यांतल्या काही ओळी तर नाहुआत्लमध्ये आहेत. बाईला आधी नादी लावायचं आणि मग तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवायचं, या पुरुषी खोडीवरची तिची कविता मेक्सिकोत आजही लोकांना तोंडपाठ असते. ‘प्रथम स्वप्न’ ही ९७५ ओळींची कविता तिची सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोठी रचना. शरीर झोपतं आणि मन एकटंच सगळं विश्व समजून घ्यायला वर चढत जातं, एवढंच तिचं कथानक.

आता पत्राकडे. अंतोनियो व्हिएइरा या नामांकित पोर्तुगीज जेझुइट धर्मोपदेशकाचं एक जुनं प्रवचन तिने मुद्देसूद खोडून काढलं होतं. पुएब्लाच्या बिशपने १६९० मध्ये तो मजकूर छापला. सोबत एक पत्रही जोडलं, खाली स्वतःऐवजी एका जोगिणीचं नाव घालून: सोर फिलोतेआ. त्यात तिच्या बुद्धीची स्तुती होती आणि उपदेश होता की आता ऐहिक विद्या पुरे, धर्मग्रंथांकडे वळावं. हुआनाने तीन महिने घेतले आणि उत्तर लिहिलं. समोरच्याचा मुखवटा तिने जसाच्या तसा राहू दिला. तो जोगीण होऊन बोलला, तर हीसुद्धा जोगिणीशी जोगिणीसारखीच बोलली. त्यामुळे बिशपसमोर ज्या गोष्टी तिला कधीच बोलता आल्या नसत्या, त्या तिला सांगता आल्या.

स्वयंपाकघराची गोष्ट त्यातलीच. एकदा मठाच्या एका वरिष्ठ बाईने तिचा अभ्यास बंद केला. सुमारे तीन महिने तिने पुस्तकाला हात लावला नाही. पण बघणं थांबवता येईना. दोन मुली भोवरा फिरवत होत्या, तर हिने जमिनीवर पीठ पसरायला सांगितलं. भोवऱ्याचा जोर ओसरत जातो तेव्हा तो पूर्ण वर्तुळं काढतो की आणखी काही, हे तिला पाहायचं होतं. पिठात मळसूत्री रेषा उमटल्या. चुलीपाशीही तेच. अंडं चरबीत किंवा तेलात सोडलं की एकसंध तळलं जातं, साखरेच्या पाकात सोडलं की फुटून विखुरतं. आणि पाक पातळ राहायला हवा असेल, तर आंबट फळ भिजवलेलं पाणी थोडंसं घातलं की पुरतं.

इथे मी दर वेळी वाचताना थांबते. गुलाबजामच्या पाकाची साखर होऊ नये म्हणून माझी आजी लिंबाचे चार थेंब पिळायची. आम्ल साखरेचे दोन घटक वेगळे करतं, मग स्फटिक सहज धरत नाहीत, हे रसायनशास्त्राने पुष्कळ पुढे सांगितलं. हुआनाने कारण सांगितलेलं नाही. पण हे निरीक्षण ज्ञानाच्या वहीत मांडण्याजोगं आहे, असं म्हणण्याची हिंमत तिने बिशपला लिहिताना केली. लगेच पुढे ती लिहिते की ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता, तर त्याच्या हातून आणखी किती तरी लिहून झालं असतं. हे वाक्य गंमत म्हणून फार उद्धृत होतं. मला ते पत्रातलं सर्वांत गंभीर वाक्य वाटतं. बायकांना शिकू द्यावं, एवढीच मागणी इथे नाही. बायकांच्या हाताला आधीच जे ठाऊक आहे, त्यालाही ज्ञान म्हणा, असा तिचा दावा आहे.

त्यानंतरच्या वर्षांत तिचं लिखाण आटत गेलं. पुस्तकं आणि उपकरणं विकून पैसे गरिबांना दिले, असं तिच्या पहिल्या चरित्रकाराने नोंदवलं आहे. १६९४ मध्ये तिने स्वतःच्या रक्ताने सही करून श्रद्धेची शपथ पुन्हा घेतली. हे मनापासून की दबावाखाली, यावर अभ्यासक आजही भांडतात. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पास यांनी १९८२ मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पास १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते आणि १९६८ मध्ये मेक्सिको शहरातल्या तलातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी ते पद सोडलं. विसाव्या शतकातल्या हुकूमशाह्यांनी लेखकांकडून वदवून घेतलेल्या कबुल्या त्यांना हुआनाच्या शरणागतीत दिसल्या. मी त्यांच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण पत्राच्या सुरुवातीलाच आहे. तिथे ती म्हणते की मौन पुष्कळ काही सांगतं खरं, पण त्यावर एखादी छोटीशी चिठ्ठी लावावी लागते, नाही तर त्याला काय म्हणायचंय ते कुणाला कळणार नाही. इतकं जाणणारी बाई पुढे गप्प झाली, तर त्या गप्प होण्यावरची चिठ्ठी आपण हे पत्रच समजायला हवं.

१६९५ मध्ये मठात साथ शिरली. आजारी भगिनींची सेवा करता करता १७ एप्रिलला ती गेली. पत्र छापलं गेलं १७०० मध्ये, माद्रिदमध्ये. मठाच्या शपथांच्या वहीत तिच्या हातचा एक मजकूर आहे. माझ्या मरणाचा दिवस, महिना आणि वर्ष इथे लिहावं, अशी तिने मागे राहणाऱ्या भगिनींना विनंती केली आहे. खाली सही आहे: मी, जगातली सर्वांत वाईट.